मिनिटाला तीन लाटा

ज्वारी पोटात टिकते, हे परभणी जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. सकाळी भाकरी-पिठलं खाऊन रानात गेलेला माणूस दुपारपर्यंत भुकेचं नाव काढत नाही. हे टिकणं संशोधकांनी आफ्रिकेतल्या माली देशात मोजलं. ज्वारी-बाजरीच्या घट्ट पदार्थांचा निम्मा भाग जठरातून पुढं सरकायला सुमारे ५ तास लागले, भात-बटाट्याला ३च्या आसपास. ते पदार्थ म्हणजे आपली भाकरी नव्हे, पण धान्य तेच. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. थोडक्यात, पोट हळू रिकामं होणं हा दरवेळी आजार नसतो.

आत जे चालतं ते थक्क करणारं आहे. घास आला की जठराचा वरचा भाग सैलावतो, जागा करून देतो. मधल्या भागातल्या काही पेशी मिनिटाला तीनदा विजेची लहर सोडतात, जन्मभर. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहाल यांचं नाव त्या पेशींना मिळालं आहे. १९०६च्या नोबेलचे ते एक मानकरी. लहरीमागून आकुंचनाची लाट खाली जाते आणि जठराचं खालचं टोक उखळासारखं अन्न कुटतं. कण एक-दोन मिलिमीटरचे झाले की मगच जठराचं दार त्यांना आतड्यात सोडतं. मोठे कण मागं फिरतात, पुन्हा कुटले जातात.

जुन्या मधुमेहात नसा आणि या पेशी दोन्ही दुबळ्या होऊ शकतात. मग दोन घासांत पोट भरतं, जेवण तासन् तास तसंच बसतं, मळमळतं. तपासणीसाठी किंचित किरणोत्सारी द्रव्य मिसळलेलं अंडं खायला देतात आणि कॅमेऱ्यानं त्याचा माग काढतात. चार तासांनी दहा टक्क्यांहून जास्त उरलं, तर जठर मंद. गंमत अशी की दुर्बिणीच्या तपासणीत काहीच न सापडलेल्या अपचनाच्या रुग्णांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश लोकांचंच जठर खरोखर मंद निघतं. बाकीच्यांत कुणाचा वरचा भाग सैलावत नाही, तर कुणाच्या नसाच फार हळव्या असतात. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला पडेलच असं नाही.

आता औषधं. डोपामिन हे रसायन जठराच्या हालचालीला आवर घालतं. तो आवर काढला की लाटा जोर धरतात. १९६४ साली फ्रान्समधून पुढं आलेलं मेटोक्लोप्रमाइड हेच करतं, पण ते मेंदूतही शिरतं. दीर्घकाळ घेतल्यास तोंडाच्या, जिभेच्या अनावर हालचाली जडू शकतात. अमेरिकेनं २००९ मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. बेल्जियमच्या यान्सेन कंपनीचं डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, तरी उलटी थांबवतं! कारण उलटीचा इशारा टिपणारी मेंदूतली जागा त्याच्या संरक्षक भिंतीबाहेर आहे. मला यातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

हेच डोम्पेरिडोन आम्ल कमी करणाऱ्या पँटोप्राझोलबरोबर एकाच कॅप्सूलमध्ये असतं, आणि मेडिकलवर ती ‘गॅसची गोळी’ म्हणून मागितली जाते. महिनोन् महिने, कुणाला न विचारता. युरोपच्या औषध संस्थेनं २०१४ मध्ये मोठ्यांसाठी १० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा आणि साधारण आठवडाभर, अशी मर्यादा घातली, कारण हृदयाचा ठेका बिघडू शकतो. याच धोक्यापायी सिसाप्राइड हे एकेकाळचं लाडकं औषध अमेरिकेत २००० साली बाजारातून गेलं, भारतात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. काही कॅप्सुलांत लेव्होसल्पिराइड असतं, तेही मेटोक्लोप्रमाइडसारखं डोपामिनचा आवर काढतं आणि मेंदूत शिरतं. म्हाताऱ्या माणसाचा हात कापू लागला तर डॉक्टरांना गोळ्यांची पट्टी जरूर दाखवावी.

सर्वांत अनपेक्षित औषध म्हणजे एरिथ्रोमायसिन, फिलिपिन्सच्या मातीतल्या जंतूपासून मिळालेलं अँटिबायोटिक. उपाशी पोटात दर दीड-दोन तासांनी उरलंसुरलं झाडून नेणारी एक जोरदार लाट येते, आणि मोटिलिन नावाचं संप्रेरक ती सुरू करतं. एरिथ्रोमायसिनचा रेणू त्याच मोटिलिनच्या जागी नेमका बसतो आणि जठर कामाला लागतं. जंतू मारण्याशी याचा काही संबंध नाही. मात्र काही आठवड्यांत शरीराला त्याची सवय होते आणि परिणाम ओसरतो.