चाळीस वर्षांचं ऑनसाइट

गोव्याचा प्लॅन ठरला की आपली लिस्ट तयारच असते. बागा, कलंगुट, फिश थाळी, वेळ उरलाच तर जुन्या गोव्यातलं एखादं चर्च, आणि सोमवारी डोळे चोळत ऑफिस. पुढच्या खेपेला मडगावला उतरलात तर अर्धा दिवस राखून ठेवा आणि सात-आठ किलोमीटरवरच्या राशोलला जाऊन या. जुआरी नदीच्या बाजूला तिथे एक भलीमोठी जुनी सेमिनरी आहे. याच राशोलमध्ये १६१६ साली अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं एक मराठी पुस्तक छापलं गेलं. लिहिणारा होता इंग्रज पाद्री!

नाव थॉमस स्टीफन्स. जन्म १५४९च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. राणी होती पहिली एलिझाबेथ, देश प्रॉटेस्टंट, आणि तिथे कॅथलिक असणं म्हणजे जिवाला घोर. स्टीफन्स आणि त्याचा श्रीमंत दोस्त थॉमस पाउंड यांनी रोमला जाऊन जेझुइट व्हायचा बेत केला. निघण्याआधीच पाउंड पकडला गेला आणि पुढची जवळपास तीस वर्षं या ना त्या तुरुंगात राहिला. स्टीफन्स एकटाच रोमला पोचला. १५७५मध्ये जेझुइट झाला आणि त्याने मागून घेतलं ते पोस्टिंग थेट हिंदुस्थानचं.

४ एप्रिल १५७९ला लिस्बनहून जहाज सुटलं, ते गोव्याला लागलं २४ ऑक्टोबरला. पोचल्यावर त्याने वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. समुद्रात लोकांच्या हिरड्या सुजतात, कापून काढाव्या लागतात, पाय सुजतात, हात हलवायची ताकद राहत नाही. दीडशेहून जास्त लोक आजारी पडले, सत्तावीस गेले. आणि इतर खेपांच्या मानाने हे कमीच समजतात, असंही तो शांतपणे सांगतो. (आपण चार तास फ्लाइट लेट झाली तर मित्रांना फोन करून रडतो.) परतीचं तिकीट नव्हतंच. दोन वर्षांनी, १५८१मध्ये, एडमंड कॅम्पियन या जेझुइटाला लंडनमध्ये हालहाल करून मारलं. घरी जाणं म्हणजे काय, ते उघड होतं.

मग हा पाद्री राहिला. बहुतेक सगळी वर्षं सासष्टीत, म्हणजे दक्षिण गोव्यात. प्रार्थना घे, मुलांना शिकव, आजाऱ्यांकडे जा, भांडणं सोडव, असं गावच्या पाद्र्याचं रोजचं काम. त्यासाठी तो लोकांची कोंकणी शिकला, इतकी की तिचं व्याकरण लिहिलं. मराठी शिकला, संस्कृतचाही अभ्यास केला. १५८३मध्ये भावाला पत्र लिहिताना त्याने सहज नोंदवलं, की इथल्या भाषांची रचना ग्रीक-लॅटिनसारखी वाटते. विल्यम जोन्सने हाच मुद्दा मांडून नाव कमावलं, ते त्यानंतर दोनशे वर्षांनी.

इथवर गोष्ट गोड आहे. पण ती नुसती गोड नाही. गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशन होतं. सासष्टीतली देवळं १५६७मध्ये पाडली गेली. १५८३च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यांची प्रेतं आणायला स्टीफन्स गेला होता. पुढे कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावलं आणि पोर्तुगिजांनी त्यांनाही ठार केलं. स्टीफन्स याच सत्तेच्या सावलीत राहत होता. त्याचं कौतुक करताना हे बाजूला सारता येत नाही.

आणि त्याचं पुस्तक जन्मलं तेही यातूनच. ‘क्रिस्तपुराणा’च्या सुरुवातीलाच प्रसंग आहे: नवा ख्रिस्ती झालेला एक माणूस पाद्र्याला विचारतो, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं काही द्याल की नाही? प्रश्न साधा, पण टोचणारा आहे. ज्याच्या घरातली गाणी-गोष्टी काढून घेतल्या, तो संध्याकाळी काय वाचणार? स्टीफन्सने उत्तर दिलं ते ओवीत. आदम-हव्वेपासून येशूपर्यंतची सगळी कथा, दोन भागांत, आणि स्वर्गाला चक्क वैकुंठ! मराठीची रत्नांशी आणि फुलांशी तुलना करणाऱ्या त्याच्या ओव्या मराठी भाषा दिनाला आपल्या मोबाइलवर येतात, त्या या पुस्तकातल्या.

मजा म्हणजे हे पुस्तक छापलं रोमन लिपीत. अगदी आपण ‘कसा आहेस’ एसएमएस करायचो तसं. पण हौस म्हणून नाही. त्याला इथल्याच अक्षरांत छापायचं होतं. १६०८मध्ये त्याने रोमला वरिष्ठांना लिहिलं, की या लिपीसाठी सहाशे साचे लागतात. ते दोनशेवर आणता येतील, परवानगी द्या. टाइप काही झाले नाहीत. एका अर्थी हा मराठीचा सगळ्यात जुना फॉण्ट प्रॉब्लेम.

१६१९मध्ये तो गोव्यातच वारला. चाळीस वर्षांत एकदाही घरी गेला नाही. पुस्तक १६४९ आणि १६५४मध्ये पुन्हा छापलं गेलं. त्यानंतर १६८४मध्ये पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं: लोकांनी आपली भाषा सोडावी, पोर्तुगीजच बोलावी. ज्या भाषेसाठी त्यांच्याच पाद्र्याने आयुष्य घातलं, तीच नको झाली. आज त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत सापडत नाही. लोकांनी हातांनी नकला करून ठेवल्या म्हणून पुराण वाचलं, आणि १९०७मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापून निघालं.

मग १९२०च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट या मराठी जाणणाऱ्या अमेरिकन मिशनऱ्याला एका जुन्या हस्तलिखित संग्रहात याच पुराणाची एक प्रत मिळाली. ती होती देवनागरीत. आणि सापडली कुठे, तर लंडनमध्ये.