माळव्याचा शहामृग

उज्जैनच्या फ्रीगंजमधून निघालं की पन्नास-साठ किलोमीटरवर नागद्याला चंबळ भेटते. आज शहामृग म्हटलं की आफ्रिका आठवते, पण एके काळी तो या चंबळेच्या खोऱ्यातही धावत होता. राजस्थानात कोट्याजवळ चंद्रेसलला त्याच्या अंड्यांची कवचं मिळाली. उज्जैनचेच पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर यांनी 1957 साली उजेडात आणलेल्या भीमबेटकाच्या शैलाश्रयांतही त्याच कवचाचे मणी निघाले. कवचाचा तुकडा जेमतेम दोन मिलिमीटर जाड, बाहेरून गुळगुळीत, त्यावर बारीक छिद्रं. हाड कुजतं, हा टिकतो.

मग ही कवचं कुणी दूरदेशाहून आणली असतील तर? शंका रास्त आहे. पण मणी हातोहात फिरतात, न घडवलेले फुटके तुकडे कोण वाहून आणेल? आणि तेही इतक्या ठिकाणी? 2017 साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधनसंस्थेतल्या संशोधकांनी किमान 25,000 वर्षं जुन्या भारतीय कवचांतून डीएनए मिळवला. तो आफ्रिकी शहामृगाशी जुळला. दुसरा आक्षेप मात्र मान्यच करायला हवा. कवचांवरच्या रेघा म्हणजे आदिमानवाची नक्षी, असं पूर्वी सर्रास धरलं जाई. शैलकलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी तपासल्यावर बहुतेक रेघा नैसर्गिक झिजेच्या ठरल्या. टिकून राहिली ती जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याची जाळीदार नक्षी. म्हणजे कलेचा पुरावा आटला, पक्ष्याचा नाही: रेघ कशाचीही असो, कवच शहामृगाचंच.