हिवाळ्यातील घरगुती औषधपेटी

महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या कुटुंबास ग्वाल्हेरची थंडी पहिल्या वर्षी चकित करते. डिसेंबरच्या अखेरीपासून पहाटेचा पारा अनेकदा ४-५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, दाट धुके उशिरापर्यंत हटत नाही, आणि लष्करमधील जुन्या दगडी वाड्यांच्या खोल्या दिवसाही तापत नाहीत. अशा मध्यरात्री मूल तापाने फणफणले, तर औषधाच्या दुकानापर्यंत पोहोचणे कठीण होते. खेड्यात तर पुष्कळदा दुकान गावातच नसते. यास्तव दिवाळी आटोपताच घरातील औषधपेटी उघडून पाहणे हिताचे ठरते.

प्रथम काय टाकून द्यावे, हे पाहावे. बहुतेक औषधांवर ती २५ अथवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना छापलेली असते. ग्वाल्हेरात मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. तेव्हा गेल्या हिवाळ्यात घेतलेली औषधे हा उन्हाळा सोसून आलेली असतात. मुदत उलटली नसली तरी रंग बदललेल्या गोळ्या, एकमेकांस चिकटलेल्या कॅप्सूल आणि गेल्या वर्षी फोडलेल्या बाटल्या ठेवू नयेत. अर्धवट राहिलेली प्रतिजैविके जपून ठेवण्याची सवय तर सर्वस्वी सोडावी. सर्दी-पडसे विषाणूंमुळे होते व त्यावर या औषधांचा काहीही परिणाम होत नाही.

तापासाठी पॅरासिटामॉल हे पेटीतील मुख्य औषध होय. मुलांना त्याची एक मात्रा वजनाच्या दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम इतकी असावी. दोन मात्रांमध्ये किमान ४ तासांचे अंतर ठेवावे व दिवसात ४ पेक्षा अधिक मात्रा देऊ नयेत. येथे एक चूक वारंवार घडते. हे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही प्रमाणांत मिळते. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, की मात्रा नकळत दुप्पट होते. म्हणून बाटलीवरील आकडा वाचावा आणि सोबतच्या मापानेच औषध द्यावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये. नाइमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून मनाई आहे.

खोकल्याच्या औषधाविषयी मात्र विशेष सावधगिरी हवी. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये याच मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात, मुख्यतः परासिया भागात, खोकल्याच्या दूषित औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन २० हून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांना उपचारार्थ नागपुरास हलविण्यात आले होते. औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रव्य आढळले. हे विष आपणास नवे नाही. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण मृत्युमुखी पडले होते व त्याची चौकशी लेंटिन आयोगाने केली होती. असा दोष घरी वासाने वा चवीने ओळखता येत नाही. छिंदवाड्याच्या घटनेनंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने २ वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत व ५ वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः टाळावीत, असे कळविले. मुलांचा साधा खोकला बहुधा आपोआप बरा होतो. कोमट पाणी, ऊब, आणि एक वर्षावरील मुलास थोडा मध पुरेसा होतो. वर्षाच्या आतील बाळास मध देऊ नये. कापराची पुरचुंडी बाळाच्या गळ्यात बांधण्याची प्रथाही धोक्याची आहे, कारण कापूर पोटात गेल्यास झटके येऊ शकतात.

खोकल्याबरोबर श्वास मोजावा, आणि त्यासाठी पेटीत थर्मामीटरशेजारी सेकंदकाटा असलेले घड्याळ असावे. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. २ महिन्यांखाली ६०, २ महिने ते १ वर्षापर्यंत ५०, आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरल्यास न्यूमोनियाची शंका घ्यावी. छाती आत ओढली जात असेल वा मूल दूध पीत नसेल, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे. ग्वाल्हेरात जयारोग्य रुग्णालय आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक लावावा.

क्षारसंजीवनीची पाकिटे केवळ उन्हाळ्याची, असा समज आहे. परंतु उत्तर भारतात रोटाविषाणूचे जुलाब थंडीतच बळावतात. एका मोठ्या पाकिटास एक लिटर पाणी घ्यावे व द्रावण २४ तासांनी टाकून द्यावे. सोबत झिंकच्या गोळ्या ठेवाव्यात. वृद्धांच्या रक्तदाबाच्या व दम्याच्या नेहमीच्या औषधांचा पंधरवड्याचा साठा असावा, कारण थंडीत रक्तदाब चढतो.

एका संकटावर मात्र पेटीत औषध नाही. बंद खोलीत कोळशाची सिगडी पेटवून झोपल्यास कार्बन मोनॉक्साइड या गंधहीन वायूने निजलेली माणसे जागी होत नाहीत. झोपण्यापूर्वी सिगडी बाहेर काढावी. डोके जड होऊन मळमळू लागल्यास प्रथम सर्वांनी उघड्यावर यावे, मग १०८ ला कळवावे.

पेटी कुलूपबंद व मुलांच्या हाती न लागेल अशा उंचीवर ठेवावी. चुलीजवळ वा न्हाणीघरात नको. झाकणाच्या आतील बाजूस घरातील प्रत्येक मुलाचे वजन व त्यास लागणारी मात्रा मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावी. वजन दर तीन महिन्यांनी अंगणवाडीत करून घेता येते.