रेवडीपासून शेवटच्या कुस्तीपर्यंत

पाथर्डी तालुक्यात मोठी यात्रा म्हटली की देवीचं किंवा नाथाचं दर्शन, कलावंतांच्या हजेऱ्या आणि मग कुस्त्यांचा हगामा. मोहटादेवीच्या गडावर आश्विन शुद्ध एकादशीला यात्रेचा मुख्य दिवस असतो आणि त्याला लागूनच आखाडा भरतो. वेळही नेमकी साधलेली. दसरा-दिवाळी उलटली की तालुक्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांची वाट धरतात. त्याआधी पोरं गावात असतात, अंगात रग असते.

हगाम्याला नावनोंदणीचा कागद नसतो, वजनाचा काटाही नसतो. २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरी झाली, तिथे वजनगट होते, गादी आणि माती असे वेगळे विभाग होते. गावच्या आखाड्यात हे सगळं काम पंचांचे डोळे करतात. सुरुवात लहानग्यांच्या कुस्त्यांनी होते, इनाम रेवड्यांचं नाहीतर नारळाचं. मग रुपये सुरू होतात आणि आकडा चढत जातो. अगदी शेवटी मानाची कुस्ती. ज्या पोराने गेल्या साली रेवड्यांवर कुस्ती मारली, तो यंदा रुपयांच्या कुस्तीला उभा राहतो. कोण कुठल्या पायरीवर आहे हे कुठे लिहिलेलं नसतं, पण पंचक्रोशीतल्या वस्तादांना ते पाठ असतं.

टेनिसच्या क्लबांत हीच गोष्ट फळ्यावर मांडतात. खेळाडूंची नावं वरून खाली लावायची. खालच्याने दोन-तीन पायऱ्या वरच्याला आव्हान द्यायचं आणि जिंकला तर त्याची जागा घ्यायची. वरच्याने ठरल्या मुदतीत सामना खेळला नाही तर त्याची जागा जाते, असाही नियम बऱ्याच ठिकाणी असतो. तो लागतोच, कारण वर पोचलेल्या माणसाला खेळण्यापेक्षा जागा राखावीशी वाटते. विम्बल्डनच्या पुरुष एकेरीत तर १९२१पर्यंत गतविजेता बाकीची स्पर्धा न खेळता थेट शेवटच्या सामन्याला उतरायचा. १९२२पासून त्यालाही पहिल्या फेरीपासून खेळावं लागलं.

आखाड्यात मुदतीचं काम लोकलाज करते. जोड नसलेला पैलवान हात वर करून कडेकडेने फेरी मारतो. त्याच्या तोलाचा गडी गर्दीत बसलेला असला की शेजारचेच त्याला उठवतात. तो सदरा काढून आत येतो. पंच दोघांना शेजारी उभं करतात, खांदे बघतात, मान बघतात, कुठल्या तालमीचा, कोणाचा पट्ठा, हे विचारतात. एखादा वस्ताद पुढे येऊन ‘हा जोड नाही, पोरगं कच्चं आहे’ म्हणाला तर त्याचं ऐकतात. जमलं तर दोघे एकमेकांच्या हाताला माती लावतात, सलामी होते, हलगी कडाडते. पाठ मातीला लागली की निकाल. फार वेळ खडाखडी चालली तर बरोबरीत सोडवतात. पडलेल्याला हात देऊन उठवायचं आणि जिंकलेल्याने त्याच्या वस्तादाच्याही पाया पडायचं, ही इथली रीत मला फार मोलाची वाटते. पुढच्या यात्रेत तेच दोघे पुन्हा समोरासमोर येऊ शकतात ते तिच्यामुळेच.

हगाम्याचा जीव मधल्या कुस्त्यांत असतो, असं माझं ठाम मत आहे. तिथे दोघांनाही पुढे जायचं असतं, म्हणून डाव पडतात: कोणी पट काढतो, कोणी ढाक मारतो, कोणी घिस्सा ओढतो. शेवटच्या कुस्तीत मात्र दोघांचं नाव पणाला लागलेलं असतं, त्यामुळे ती पुष्कळदा रेंगाळते. आतून ठरवून केलेली नुरा कुस्ती लोक लगेच ओळखतात आणि ओरडू लागतात. तरीही अनेक गावांत वर्गणीचा मोठा वाटा बाहेरून बोलावलेल्या नामांकित जोडीवरच जातो. त्यातला थोडा पैसा मधल्या पायऱ्यांवर वाटला तर स्वतःच्या खर्चाने खुराक सांभाळणाऱ्या पोराला वर्षभर तालीम सोडावी लागणार नाही.

मुलींच्या कुस्त्याही आता हगाम्यांत लागतात. त्यांची शिडी अजून लहान आहे, ऐन वेळी फेरी मारून जोड मिळत नाही. समोर कोणी नाही म्हणून नुसता नारळ घेऊन परतणं मुलीला टोचतं. म्हणून यात्रा समित्यांनी दोन आठवडे आधीच शेवगाव, नेवासा, आष्टीकडच्या तालमींना निरोप धाडावा, मुलीचं वय आणि सराव किती वर्षांचा हे विचारून ठेवावं आणि तिची जोड आधीच पक्की करावी.