राज्याच्या खर्चाची वही

राज्याचा अर्थसंकल्प विधानसभेत सादर झाला, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्याला पहिले पान मिळते. कोणता कर वाढला, कोणत्या योजनेला किती कोटी लाभले, कोणत्या जिल्ह्याच्या तोंडाला पाने पुसली गेली, यांची चर्चा आठवडाभर चालते. परंतु अर्थसंकल्प हा केवळ अंदाज असतो. त्या अंदाजाप्रमाणे प्रत्यक्षात काय घडले, हे सांगणारी कागदपत्रे वर्ष संपल्यानंतर पुष्कळ महिन्यांनी सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात आणि त्यांची वार्ता क्वचितच कोणाच्या कानी जाते. लग्नाच्या खर्चाचा अंदाज करायला सारे घर गोळा होते. मांडव उतरल्यावर वही घेऊन हिशेबाला बसणारा मात्र बहुधा एकटाच असतो. राज्यकारभारातही असेच घडते. आणि खरी गोष्ट त्या दुसऱ्या वहीतच असते.

ही वही राज्य सरकार स्वतःच्या मर्जीप्रमाणे लिहीत नाही. लेखे कोणत्या नमुन्यात ठेवावयाचे, हे संविधानाच्या १५०व्या अनुच्छेदानुसार भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने राष्ट्रपती ठरवितात. त्यामुळे आसाम असो की तामिळनाडू, शिक्षणावरील खर्चाचे शीर्ष एकच असते. या एकसूत्रीपणामागे मोठा इतिहास आहे. ब्रिटिश अमलात प्रांतांच्या हाती प्रारंभी स्वतःची तिजोरीच नव्हती. १८७० साली लॉर्ड मेयो यांच्या सरकारने पोलीस, तुरुंग, शिक्षण, रस्ते यांसारखी खाती ठराविक वार्षिक रकमेसह प्रांतांकडे सोपविली. तेव्हापासून प्रांतिक जमाखर्चाला वेगळे अस्तित्व आले. १९३५च्या कायद्यान्वये १९३७ साली प्रांतिक स्वायत्तता अमलात आली आणि तिजोरीवर लोकनियुक्त मंत्र्यांचा अधिकार बसला. पुढे १९७४ साली वर्गीकरणाची मूळ दृष्टीच पालटली. पूर्वी खर्च कोणत्या खात्याने केला हे प्रामुख्याने दिसे. त्यानंतर तो कोणत्या कार्यासाठी झाला हे दिसू लागले.

या वर्गीकरणाला सहा पायऱ्या आहेत. प्रधान शीर्ष, उपप्रधान शीर्ष, गौण शीर्ष, उपशीर्ष, तपशीलवार शीर्ष आणि शेवटी उद्दिष्ट शीर्ष, असे मिळून पंधरा अंक होतात. एखाद्या ग्रामीण शासकीय रुग्णालयाने औषधे विकत घेतली, असे समजू. देयकावर पहिले चार अंक २२१० असे येतील, म्हणजे वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. पुढील ०३ हे दोन अंक ग्रामीण आरोग्य सेवेचे. त्यानंतरचे ११० म्हणजे रुग्णालये व दवाखाने. उरलेल्या अंकांवरून कोणती योजना, तिचा कोणता भाग आणि खर्चाचा प्रकार कोणता, म्हणजे वेतन, प्रवासभत्ता की सामग्री, हे कळते. प्रधान शीर्षाचा पहिला अंकही बोलका आहे. आरोग्याचीच जमा असेल तर ०२१०. महसुली खर्च २२१०. रुग्णालयाची इमारत बांधली तर तो भांडवली खर्च ४२१०. आणि या कामासाठी कोणाला कर्ज दिले तर ६२१०. शेवटचे तीन अंक कायम आणि पहिला तेवढा बदलतो. ही युक्ती ज्याने शोधली, त्याला सामान्य वाचकाची थोडीतरी कणव असली पाहिजे. सरकारी लेख्यांत अशी सोय फारशी आढळत नाही.

आता त्या औषधांच्या देयकाचा प्रवास पाहू. रुग्णालयाचा आहरण व संवितरण अधिकारी देयकावर सही करतो. देयक कोषागारात जाते; मुंबई शहरात हेच काम अधिदान व लेखा कार्यालय करते. तेथे लेखाशीर्ष बरोबर आहे काय, अनुदान शिल्लक आहे काय, सही अधिकृत आहे काय, हे पाहून रक्कम दिली जाते. रक्कम दिली गेली की देयकाचे प्रमाणक होते, त्याला क्रमांक पडतो आणि महिन्याच्या लेख्याबरोबर ते महालेखापालांच्या कार्यालयाकडे रवाना होते. महाराष्ट्रासाठी अशी कार्यालये मुंबई व नागपूर येथे आहेत. केंद्र सरकारने १९७६ साली लेखे ठेवण्याचे काम लेखापरीक्षेपासून वेगळे काढून आपल्या खात्यांकडे घेतले. राज्यांच्या बाबतीत मात्र संकलनाचे काम सामान्यतः महालेखापरीक्षकांच्याच यंत्रणेकडे राहिले. गोवा हा याला अपवाद. तेथे राज्याचे स्वतःचे लेखा संचालनालय हे काम पाहते.

बारा महिन्यांच्या या संकलनातून दोन ग्रंथ तयार होतात. पहिला वित्त लेखे. त्यात राज्याची जमा, खर्च, कर्जे, ठेवी, गुंतवणूक, दिलेली हमी हे सर्व येते. दुसरा विनियोजन लेखे. विधानसभेने प्रत्येक मागणीखाली किती रक्कम मंजूर केली आणि खर्च किती झाला, याची तुलना त्यात असते. दत्तमत व भारित रकमा त्यात वेगळ्या दाखवितात. मोठी तफावत असेल तेथे तिचे कारण द्यावे लागते. हे दोन्ही ग्रंथ लेखापरीक्षा अहवालांसह राज्यपालांना सादर होतात आणि ते विधानमंडळासमोर ठेवण्याची व्यवस्था राज्यपाल करतात.

विनियोजन लेखे हा वरकरणी नीरस वाटणारा ग्रंथ आहे. पण लोकशाहीचा एक मूलभूत करार त्यात नोंदलेला असतो. सभागृहाने दिलेल्या रकमेपेक्षा एक रुपयाही अधिक खर्च करण्याचा शासनाला अधिकार नाही. वर्षाच्या मध्ये गरज पडली तर पुरवणी मागणी आणावी लागते. तरीही वर्षअखेर जादा खर्च झालेला आढळलाच, तर तो २०५व्या अनुच्छेदाप्रमाणे सभागृहाकडून नियमित करून घ्यावा लागतो. अनेक राज्यांत असे जादा खर्च वर्षानुवर्षे नियमित न होता पडून राहिल्याचे लेखापरीक्षा अहवालांत पुन्हा पुन्हा नमूद झाले आहे. ही केवळ कागदी दिरंगाई मानण्याची चूक करू नये. १९९६च्या जानेवारीत तत्कालीन बिहारमधील चाईबासा येथे पशुसंवर्धन खात्याचा व्यवहार उघडकीस आला. चारा, औषधे यांच्या बनावट देयकांवर कोषागारातून वर्षानुवर्षे रकमा उचलल्या जात होत्या, आणि त्या मंजूर अनुदानाच्या कितीतरी पट होत्या. त्यांपैकी एका खटल्यात, चाईबासा कोषागारातून सुमारे ३७ कोटी ७० लाख रुपये काढल्याबद्दल, २०१३ साली न्यायालयाने अनेकांना दोषी ठरविले. मंजूर रक्कम आणि काढलेली रक्कम शेजारी ठेवून पाहिली असती, तर केवळ वजाबाकीने संशय यावा अशी ही गोष्ट होती.

खर्च मंजुरीपेक्षा कमी झाला तर तेही नेहमी काटकसरीचे लक्षण नसते. पुष्कळदा योजना सुरूच झालेली नसते. मग मार्च महिना उजाडतो आणि अनुदान व्यपगत होऊ नये म्हणून कोषागारांसमोर देयकांचे ढीग लागतात. या लगबगीतच ‘खर्च’ या शब्दाचा अर्थ निसरडा होतो. रक्कम एकत्रित निधीतून काढून एखाद्या अधिकाऱ्याच्या वैयक्तिक ठेव खात्यात जमा केली, तरी वहीत ती खर्ची पडते. प्रत्यक्षात ती खात्यात स्वस्थ पडलेली असू शकते. संक्षिप्त आकस्मिक देयकाची तऱ्हा अशीच आहे. तातडीच्या कामासाठी तपशिलाशिवाय पैसे काढता येतात, तपशीलवार देयक नंतर द्यावयाचे असते आणि ते ‘नंतर’ काही वेळा फार लांबते. शिवाय ८०० क्रमांकाचे एक गौण शीर्ष आहे: ‘इतर खर्च’. जे कोठेच बसत नाही त्यासाठी ते ठेवलेले आहे. पण योग्य शीर्ष शोधण्याचा कंटाळा आलेल्या लेखनिकाला ते फार प्रिय असते. त्याच्या सढळ वापरावर लेखापरीक्षकांनी सातत्याने टीका केली आहे.

महाराष्ट्रात आणखी एक वळण लागते. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे यांचा कारभार ग्रामीण भागात त्यांच्याकडे गेला. राज्याच्या वहीत जिल्हा परिषदेला दिलेले अनुदान तेवढे दिसते. एखाद्या गावच्या शाळेतील फळ्यावर काय खर्च झाला, हे पाहायचे तर परिषदेची वही उघडावी लागते. अनुदान ज्या कामासाठी दिले त्याच कामी लागले, असे उपयोगिता प्रमाणपत्र यायला हवे. न आलेल्या प्रमाणपत्रांची यादी हा लेखापरीक्षा अहवालांचा जणू नित्यपाठ झाला आहे.

म्हणून तपशील किती खोल जातो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. छापील वित्त लेखे बहुतांशी गौण शीर्षापर्यंत उतरतात. अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत त्याहून खालचे आकडे मिळतात. परंतु पैसे कोणाला दिले, त्या पुरवठादाराचे नाव यांपैकी कोणत्याही ग्रंथात नसते. ते प्रमाणकावर असते. कॅनडातील ऑन्टारिओ व ब्रिटिश कोलंबिया या प्रांतांची रीत निराळी आहे. तेथे वार्षिक सार्वजनिक लेख्यांबरोबर देयकांच्या तपशीलवार याद्या प्रसिद्ध होतात आणि ठराविक मर्यादेहून अधिक रक्कम मिळालेल्या व्यक्ती व व्यवसायसंस्था यांची नावे व रकमा त्यांत असतात. संपन्न प्रांतालाच हे साधते, असे म्हणून हा विषय झटकता येणार नाही. प्रमाणकावर नाव आपल्याकडेही असतेच.

त्या नावांचे मोल काय, हे राजस्थानातील मजुरांनी दाखवून दिले. मजदूर किसान शक्ती संघटनेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराणा येथे जनसुनावणी भरविली. सरकारी कामांचे हजेरीपट आणि देयके गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचली गेली. जे कधी कामावर गेलेच नव्हते, त्यांच्या नावे मजुरी दिल्याचे निघाले. पुरी झाली म्हणून दाखविलेली कामे अपुरी होती, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. एरवी वर्षातून एकदा येणाऱ्या लेखापरीक्षकाला जे शोधूनही सापडले नसते, ते शेजाऱ्याने क्षणात ओळखले. या चळवळीतून राजस्थानात २००० साली आणि देशभर २००५ साली माहिती अधिकाराचा कायदा आला. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा २००२चा. केंद्रीय कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्याकडील तरतूद, नियोजित खर्च आणि वाटप केलेल्या रकमा कोणी न मागताच प्रसिद्ध करावयाच्या आहेत.

आता कोषागारे संगणकावर आली आहेत. महाराष्ट्रात ‘बीम्स’ प्रणालीतून अनुदानाचे वाटप होते आणि तिच्यातील प्राधिकारपत्राशिवाय देयक पुढे सरकत नाही. त्यामुळे शिल्लक नसताना पैसे काढणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. तथापि शीर्षाखालचे देयक पाहावयाचे असेल, तर नागरिकाला अजूनही अर्जच करावा लागतो. अशा अर्जात कोषागाराचे नाव, महिना आणि पंधरा अंकी लेखाशीर्ष लिहिलेले असले, तर प्रमाणकापर्यंत पोहोचणे सुकर होते. ते शीर्ष अर्थसंकल्पाच्या पुस्तकात योजनेच्या नावाशेजारीच छापलेले असते.