पालकांच्या घरातील सज्ञान अपत्य आणि डिजिटल गोपनीयतेचा हक्क

प्रस्तावना

भारतीय सज्ञानता अधिनियम, १८७५ नुसार वयाच्या अठराव्या वर्षी व्यक्ती सज्ञान होते. तिला मतदानाचा व करार करण्याचा अधिकार प्राप्त होतो. तथापि पदवीचे शिक्षण घेणारे अनेक विद्यार्थी आई-वडिलांच्या घरी राहतात. मोबाईल वडिलांनी घेऊन दिलेला असतो आणि सिमकार्डही त्यांच्याच नावावर असते. अशा मोबाईलमधील संदेश, छायाचित्रे व पासवर्ड यांवर अधिकार कोणाचा, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायदेशीर स्थिती

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. हा हक्क घराच्या उंबरठ्याआत कितपत पोहोचतो, हे मात्र तितकेसे स्पष्ट नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ मालकाच्या 'किंवा' ताबा असणाऱ्या व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करण्यास मनाई करते. येथे मालक वडील आणि ताबा मुलीचा, अशी स्थिती उद्भवते. शिवाय कलम ६६ खाली शिक्षेसाठी अप्रामाणिक किंवा कपटपूर्ण हेतू आवश्यक असल्याने काळजीपोटी मोबाईल तपासणारा पालक सहसा त्यात येणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ तर व्यक्तीने वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेल्या वापरास लागूच होत नाही.

उपकरण आणि आशय

म्हणूनच उपकरणाची मालकी व आशयावरील अधिकार यांत भेद करणे अगत्याचे ठरते. वडिलांनी आणून दिलेल्या वहीत मुलीने लिहिलेली रोजनिशी वडिलांची होत नाही. शिवाय त्या मोबाईलमध्ये मैत्रिणीने विश्वासाने लिहिलेले संदेशही असतात. तिची संमती तर कोणीच घेतलेली नसते.

पालकांची चिंता निराधार नाही. ऑनलाईन फसवणूक व छळ हे वास्तव आहे. परंतु चौकशी करणे वेगळे आणि चोरून पाहणे वेगळे. मोबाईल काढून घेतला जाईल व शिक्षण थांबेल, या भीतीने छळाला सामोरी जाणारी विद्यार्थिनी तो घरी सांगत नाही. अशा वेळी पाळत संरक्षण देण्याऐवजी संकटच लपवते.

महाविद्यालयाची जबाबदारी

घरगुती वापराची सूट महाविद्यालयास नाही. प्रवेश अर्जावर पालकांचाच मोबाईल क्रमांक घेतला, तर ओटीपी, निकाल व समुपदेशनाची वेळ प्रथम त्यांच्याकडे पोहोचते. २०२३ चा अधिनियम अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षितो. सज्ञान विद्यार्थ्याची संमती मात्र त्याने स्वतःच द्यावयाची असते. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. अर्जात विद्यार्थ्याचा स्वतंत्र क्रमांक घेणे, कोणती माहिती पालकांना कळवावी हे त्यालाच विचारणे आणि समुपदेशनाच्या नोंदी स्वतंत्र ठेवणे, एवढे बदल प्राध्यापकांना आजच सुचविता येतील.

समारोप

एकाच छताखाली राहणे म्हणजे गोपनीयतेचा त्याग नव्हे. कायदा जेथे थांबतो तेथे कुटुंबातील संवादाने मार्ग काढावा लागतो. विद्यार्थ्यास सज्ञान मानण्याचा पायंडा मात्र महाविद्यालयाने प्रथम पाडला पाहिजे.