माशांच्या टाकीखालची आग

फजरच्या अजानीआधी जळक्या प्लास्टिकच्या वासाने अम्मींना जाग आली. हॉलमधल्या माशांच्या टाकीखालचे कपाट पेटले होते. अब्बा बादली घेऊन धावले. आम्ही त्यांना अडवले, आधी मेन स्विच बंद केला, मगच पाणी मारले.

उजाडल्यावर कारण कळले. फिल्टरची वायर टाकीतून सरळ खालच्या एक्स्टेंशन बोर्डात जात होती आणि तिच्यावरून ओघळणारे पाणी बोर्डात मुरत होते. वायर बोर्डाच्या खाली झोळ देऊन वर घेतली असती, तर पाणी झोळाच्या टोकावरूनच गळून पडले असते. एमसीबी होता, पण तो जास्त करंटला पडतो, किरकोळ गळतीला नाही.

टाकीची काच शाबूत होती. पाण्यावर काजळी तरंगत होती, मासे वर येऊन धापा टाकत होते. बॅटरीचा एअर पंप लावला, काजळी कागदाने टिपली, साठवलेल्या पाण्याने तिसरा हिस्सा पाणी बदलले. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला नाही, कारण घाण पचवणारे जिवाणू त्यातच असतात. दोन मासे गेले, पाच वाचले.

आता सॉकेट भिंतीवर उंच आहे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला आहे.

धाकटी आठवडाभर हॉलमध्ये फिरकली नव्हती. काल तिनेच माशांना दाणे टाकले. अल्हम्दुलिल्लाह!

तुमच्याही घरी टाकी असेल, तर आजच तिच्यामागे डोकावून पाहा.